पहिल्यांदाच आराधनेला बसताय? मग हे वाचून जा

दर रविवारी मिस्साला म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेला जाणारे, रोझरी म्हणजे जपमाळ म्हणणारे, नोव्हेना न चुकवणारे कितीतरी लोक आराधनेच्या वेळी, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीसमोर शांत बसून प्रार्थना करायच्या वेळी, मात्र गोंधळून जातात. गाणं होतं, धूप होतो, फादर गुडघे टेकतात आणि मग एकदम शांतता. पहिली पाच मिनिटं बरी जातात, मग घड्याळाकडे नजर जायला लागते, मग पुढच्या बाकावर कोण बसलंय ते बघून होतं, आणि मग मनात येतं की बाकी सगळ्यांना इथे काहीतरी मिळतंय, मलाच काही होत नाहीये. हे तुमचं असेल तर वाचत राहा. तुम्ही कॅथलिक नसाल पण कुणासोबत तरी जायचं ठरलं असेल तरी चालेल.

आधीच एक गोष्ट क्लिअर करते. आराधनेतून बळ मिळतं असं आपण ऐकतो आणि मग तिथे बसल्या बसल्या अंगावर काटा यावा, डोळ्यात पाणी यावं, काहीतरी आतून हलावं अशी वाट बघत बसतो. कधी कधी होतंही तसं. पण बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि बळ आलं होतं हे तीन आठवड्यांनी कुठल्यातरी वेगळ्याच प्रसंगात कळतं, म्हणजे ज्या माणसावर नेहमी ओरडलो असतो त्याच्यावर ओरडलो नाही, ज्या बातमीने कोसळलो असतो ती ऐकून उभे राहिलो, असं. म्हणून या लेखात मी फील कसं आणायचं ते सांगणार नाही, बसायचं कसं ते सांगणार आहे.

समोर नक्की काय असतं

हे समजल्याशिवाय बसलात तर एक तास नुसता कंटाळा येईल. मिस्सामध्ये फादर भाकर आणि द्राक्षारसावर प्रभूचे शब्द उच्चारतात, "हे माझं शरीर आहे", आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे त्या क्षणापासून ती भाकर भाकर राहत नाही, रूप, चव, रंग सगळं तेच असतं पण तिथे खरोखर प्रभू येशू असतो. आठवण म्हणून नाही, चिन्ह म्हणून नाही, खरोखर. ट्रेंट शहरात भरलेल्या चर्चच्या धर्मसभेने ११ ऑक्टोबर १५५१ ला हे अगदी स्पष्ट शब्दात मांडलं आणि म्हणूनच या साक्रामेंताची, म्हणजे या पवित्र भाकरीची, देवाला द्यायची तीच आराधना करायची असंही सांगितलं. योहानच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय एकदा निवांत वाचा. मीच जीवनाची भाकर आहे असं प्रभू तिथे म्हणतो, लोक वैतागतात, हे फार कठीण बोलणं आहे म्हणत बरेच शिष्य निघून जातात, आणि प्रभू त्यांना थांबवायला आपले शब्द सौम्य करत नाही. हा अध्याय आराधनेला जायच्या आदल्या रात्री वाचला तर समोरच्या त्या पांढऱ्या गोल भाकरीकडे बघायची नजरच बदलते.

मिस्सा संपल्यावरही प्रभू त्या भाकरीत असतो, म्हणून ती टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या एका छोट्या पेटीत, जपून ठेवतात. मुळात आजारी आणि मरणाला टेकलेल्या लोकांना कम्युनियन, म्हणजे खायला ती पवित्र भाकर, नेता यावं म्हणून ती ठेवायला सुरुवात झाली, आणि पुढे तिच्यासमोर थांबून प्रार्थना करायची सवय वाढत गेली. १२६४ मध्ये पोप उर्बान चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी लावून दिला, त्यामागे लिएजच्या संत ज्युलियाना या संन्यासिनीचा कित्येक वर्षांचा ध्यास होता. तो सण लागू झाला तोपर्यंत ती देवाघरी गेली होती, हे मला नेहमी आठवतं.

म्हणजे आराधना ही मिस्सापासून वेगळी काढलेली एखादी भक्ती नाही. मिस्सामधूनच ती येते आणि परत मिस्साकडेच नेते. रविवारची मिस्सा सोडून फक्त आराधनेला येणारे लोक मी बघितलेत, शांत वाटतं म्हणून. शांत वाटत असेल, पण ते उलटं झालं.

कुठे जायचं, कधी जायचं

दोन प्रकार आहेत. पहिला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित, टॅबरनॅकलसमोर जाऊन बसणं. चर्च उघडं आहे, टॅबरनॅकलजवळचा दिवा जळतोय, म्हणजे प्रभू तिथे आहे. तो दिवा सतत तेवत ठेवायचा हा चर्चच्या कायद्यातलाच नियम आहे. यासाठी कुणाची परवानगी नको, वेळापत्रक नको, फादर नकोत. ऑफिसला जाता जाता दहा मिनिटं थांबलात तरी ती आराधनाच. संत आल्फोन्स लिगोरी यांनी १७४५ मध्ये अशा भेटींसाठीच एक छोटं पुस्तक काढलं, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक भेट अशा हिशोबाने, आणि ते पिढ्यानपिढ्या लोकांच्या खिशात राहिलं.

दुसरा प्रकार म्हणजे पवित्र साक्रामेंत उघडं ठेवून केलेली आराधना. इथे मोठी होस्ट म्हणजे ती पवित्र भाकर एका काचेच्या गोल झाकणीत ठेवून मॉन्स्ट्रन्समध्ये बसवतात, तेच ते सूर्याच्या किरणांसारखं दिसणारं सोनेरी पात्र, आणि ते वेदीवर ठेवतात, बाजूला मेणबत्त्या. काही चर्चमध्ये हे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असतं, काही ठिकाणी दर गुरुवारी संध्याकाळी, काही ठिकाणी एक वेगळं चॅपल असतं आणि तिथे रात्रंदिवस आराधना चालते. चाळीस तासांची आराधनाही असते, ती सोळाव्या शतकात मिलान शहरातून पसरली, प्रभूचं शरीर कबरेत साधारण चाळीस तास होतं या परंपरेवरून. तुमच्या पॅरिशमध्ये म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये नेमकं काय आहे ते ऑफिसमध्ये विचारा किंवा मिस्सानंतर फादरांना विचारा.

आता माझं मत. नवीन माणसाने पहिल्यांदा गाणी, माईक, प्रवचन असलेल्या मोठ्या आराधनेला जाण्यापेक्षा एखाद्या आडवारी रिकाम्या चॅपलमध्ये जावं. मोठ्या आराधनेत वातावरण तुम्हाला उचलून धरतं, ते छान आहे, पण मग वातावरण नसलं की प्रार्थनाच जमत नाही असं व्हायला लागतं.

वार आणि वेळ ठरवून टाका. "वेळ मिळेल तेव्हा" म्हणालात तर वेळ मिळत नाही, हे मी सांगायला नको. आठवड्यातून एकदा अर्धा तास, एवढंच. अर्धा जमत नसेल तर वीस मिनिटं. उत्साहाच्या भरात रोज एक तास असं ठरवणारे दुसऱ्याच आठवड्यात गायब होतात.

जाण्याआधी

मोबाईल बंद करा. सायलेंट नाही, बंद. बायबल मोबाईलवर आहे म्हणून चालू ठेवतो असं बरेच जण म्हणतात, आणि मग वरून मेसेजची पट्टी सरकते आणि संपलं सगळं. कागदाचं बायबल न्या, एक छोटी वही आणि पेन न्या. बस. प्रार्थनेची चार पुस्तकं, पत्रकं, नोव्हेनाची पुस्तिका असा ढीग नेऊ नका, कारण शांतता अवघड वाटली की हात आपोआप त्या ढिगाकडे जातो आणि पूर्ण वेळ वाचनात निघून जातो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, हिच्यावरून खूप लोक वर्षानुवर्षं लांब राहतात. आराधनेला येण्यासाठी आधी कन्फेशन, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली, झालेलंच पाहिजे असा नियम नाही. कम्युनियन घ्यायला गंभीर पापातून मोकळं असणं लागतं, पण प्रभूसमोर येऊन बसायला तशी काही अट नाही. ज्यांचं लग्न चर्चच्या नियमात बसत नाही, जे अनेक वर्षांत कन्फेशनला गेलेले नाहीत, जे श्रद्धा आहे की नाही याच गोंधळात आहेत, ते सगळे येऊ शकतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तर नक्कीच यावं. बऱ्याच जणांचा कन्फेशनकडे परतायचा रस्ता अशाच एखाद्या मागच्या बाकावरून सुरू होतो. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही कुणी हटकत नाही, शांत बसलात की झालं, आराधनेत कम्युनियन वाटत नाहीत त्यामुळे आपण काय करायचं हा अवघडलेपणाही नाही.

आत गेल्यावर

दारात पवित्र पाणी असेल तर क्रुसाची खूण करा. बाकावर जायच्या आधी गुडघा टेकायचा. एक की दोन यावरून लोक एकमेकांना टोकतात ते बघून मला गंमत वाटते. १९७३ च्या अधिकृत विधीग्रंथात साक्रामेंत टॅबरनॅकलमध्ये असो की उघडं ठेवलेलं असो, एकच गुडघा असं आहे, पण उघड्या साक्रामेंतासमोर दोन्ही गुडघे टेकून वाकायची जुनी पद्धत बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि ती श्रद्धेनेच करतात. तुम्ही एक टेका, दोन टेका, गुडघे दुखत असतील तर नुसतं खाली वाकून नमन करा. शेजाऱ्याने काय केलं ते बघू नका.

जागा अशी घ्या जिथून मॉन्स्ट्रन्स किंवा टॅबरनॅकल सरळ दिसेल. खांबाच्या मागे नको. सुरुवातीला थोडा वेळ गुडघ्यावर राहा, मग बसा. पूर्ण वेळ गुडघ्यावर राहिलं म्हणजे जास्त भक्ती असं काही नाही, पंधरा मिनिटांनी सगळं लक्ष गुडघ्यांकडेच जात असेल तर त्याचा काय उपयोग.

तो अर्धा तास कसा घालवायचा

इथे जरा वेळ घेऊन सांगते कारण सगळे इथेच अडकतात.

पहिली काही मिनिटं काहीच करू नका. बाहेरून आलेलं डोकं लगेच शांत होत नाही. श्वास मंद होऊ द्या, डोळे उघडे ठेवून समोर बघा. आराधनेत डोळे मिटायलाच हवेत असं नाही, उलट समोर ठेवलंय ते बघण्यासाठीच ठेवलंय. मनात एवढंच म्हणा, प्रभू, तू इथे आहेस, मी आलोय. संत जॉन व्हियान्नी आर्स नावाच्या फ्रान्समधल्या छोट्या गावात फादर होते, तिथला एक शेतकरी टॅबरनॅकलसमोर तासन् तास बसायचा, तू काय करतोस असं विचारल्यावर तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो आणि तो माझ्याकडे बघतो. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हे वाक्य घेतलेलं आहे, आणि घेतलंय ते एका साध्या अडाणी माणसाचं, धर्मपंडिताचं नाही.

मग मनात जे आहे ते बोला. जे असायला हवं ते नाही, जे आहे ते. राग असेल तर राग, भीती असेल तर भीती, पैशाचं टेन्शन, मुलाची काळजी, नवऱ्याशी झालेलं भांडण, सगळं. देवासमोर शुद्ध भाषेत बोलायची काही गरज नाही. स्तोत्रसंहिता उघडून बघा, १३ वं स्तोत्र "किती वेळ, हे परमेश्वरा" असं विचारत सुरू होतं, आणि तेही प्रार्थनेतच मोजलंय ना. फक्त एक सांभाळा, पूर्ण वेळ मागण्यांची यादी वाचू नका. आधी दोन-तीन गोष्टींसाठी आभार माना, नेमक्या गोष्टी, या आठवड्यातल्या, "सगळ्यासाठी धन्यवाद" असं मोघम नको. मग माफी कशाची मागायची ते आपोआप समोर येतं.

त्यानंतर बायबल. एकच छोटा उतारा घ्या, शुभवर्तमानातला, दहा-बारा ओळींचा. सुरुवातीला हे चालतील: मत्तयच्या ११ व्या अध्यायाचा शेवट, जिथे प्रभू थकल्याभागलेल्यांना बोलावतो, लूकच्या १० व्या अध्यायातल्या मार्था आणि मरिया, लूकच्याच २४ व्या अध्यायातला अम्माउसचा रस्ता, मार्कच्या ४ थ्या अध्यायातलं वादळ. हळू वाचा, परत वाचा, ज्या शब्दापाशी मन अडकेल तिथेच थांबा, पुढे जायची घाई नको. वादळाचा उतारा वाचत असाल तर होडीत जाऊन बसा ना, पाणी आत येतंय, सगळे ओरडतायत आणि प्रभू झोपलाय. तुम्ही त्याला काय म्हणाल? तेच आता म्हणा, तो समोरच आहे. बायबल घरीही वाचता येतं पण ज्याच्याबद्दल वाचतोय तो समोर असताना वाचणं वेगळं असतं, हे वाचून कळणार नाही, करूनच बघावं लागेल.

मग लोकांची नावं घ्या. प्रत्येकासाठी लांबलचक प्रार्थना नको, नाव घ्यायचं, त्याला प्रभूसमोर आणायचं, पुढे जायचं. ज्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही त्याचंही घ्या, शेवटी घ्या हवं तर.

आणि शेवटची पाच-सात मिनिटं परत गप्प. वाचन नाही, मागणं नाही. आजारी माणसाच्या उशाशी आपण जसे नुसतेच बसतो, बोलायला काही नसतं पण उठून जावंसंही वाटत नाही, तसं. रोझरी म्हटली तर चालते का असं विचारतात, चालते, ख्रिस्ताच्या जीवनावरच तर ती आहे, पण एक दशक म्हणजे दहा मण्यांचा एक भाग सावकाश म्हणा, पाचही भरभर उरकण्यापेक्षा.

निघताना वहीत एकच ओळ लिहा, आज काय लक्षात राहिलं ती. काही राहिलं नसेल तर तारीख टाकून "काही नाही" लिहा, काही महिन्यांनी त्या वहीचा उपयोग होतो.

मन भटकलं, झोप आली, काहीच वाटलं नाही

भटकणारच. भाजी, बिल, कालचा वाद, उद्याची मीटिंग, सगळं नेमकं तेव्हाच आठवतं. दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे स्वतःवर न चिडता परत समोर बघायचं, शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा. दुसरी म्हणजे जो विचार परत परत येतोय त्यालाच प्रार्थना करायची, कारण जी गोष्ट इतक्यांदा येते ती बहुतेक खरंच मनावर ओझं होऊन बसलेली असते. उद्याच्या मीटिंगची भीती वाटतेय? मग मीटिंगबद्दलच बोला.

झोपेचं म्हणाल तर तुम्ही चांगल्या कंपनीत आहात. लिझ्यूची संत तेरेझा प्रार्थनेत झोपायची आणि तिने ते लिहूनही ठेवलंय, आईबापांना मुलं जागी असताना जितकी आवडतात तितकीच झोपलेलीही आवडतात असं म्हणून तिने स्वतःची समजूत काढली. अमेरिकेचे आर्चबिशप फुल्टन शीन यांनी साठ वर्षं रोज एक तास साक्रामेंतासमोर काढला आणि तेही कबूल करायचे की पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये दमून बसले ते झोपलेच, जाग आली तेव्हा तास संपला होता. आता हे वाचून उशी घेऊन जाऊ नका. रात्रीची वेळ झेपत नसेल तर सकाळची घ्या, डोळे मिटायला लागले तर उभे राहा. खुद्द गेथशेमाने बागेतही, प्रभूला अटक झाली त्या रात्री, शिष्य झोपलेच होते, आणि "एक तासभरही माझ्याबरोबर जागे राहता आलं नाही का" असं प्रभू पेत्राला विचारतो, मत्तयच्या २६ व्या अध्यायात. पवित्र तास म्हणजे होली अवर हा प्रकार त्या बागेतल्या रात्रीवरूनच आलाय. संत मार्गारेट मेरी अलाकोक यांना १६७४ मध्ये प्रभूने गुरुवारी रात्री अकरा ते बारा त्याच्या त्या वेदनेत सोबत करायला सांगितलं, असं त्यांनी नोंदवलंय.

कोरडेपणा हे मात्र जरा गंभीर प्रकरण आहे. आठवडेच्या आठवडे काहीच वाटत नाही, भिंतीशी बोलतोय असं वाटतं, आणि मग माणूस म्हणतो हे माझ्यासाठी नाही. इथे संत इग्नेशियस लोयोला यांचा एक सल्ला आहे जो मला फार कामाचा वाटतो. ते म्हणतात की प्रार्थना जड जात असेल तेव्हा वेळ कमी करायचा मोह होतो, तर नेमकं तेव्हाच ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त थांबायचं. अर्धा तास ठरवला असेल आणि पंचविसाव्या मिनिटाला पळून जावंसं वाटत असेल तर एकतिसाव्या मिनिटाला उठा. तेवढं एक मिनिट. हट्टाचं वाटतं ऐकायला, पण आपण आपल्या मूडच्या मालकीचे नाही हे त्या एका मिनिटात शिकायला मिळतं, आणि मला विचाराल तर आराधनेतून येणारं बळ म्हणतात ते बरंचसं इथूनच येतं.

कोलकात्याच्या संत मदर तेरेसा घ्या. त्यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळपास अर्धं शतक त्यांना आत देवाचा स्पर्श जाणवत नव्हता, अंधार होता. आणि त्याच वर्षांमध्ये, १९७३ पासून, त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेत रोज एक तास आराधना सुरू झाली आणि त्या स्वतः रोज तिथे जमिनीवर बसायच्या. म्हणजे काहीच वाटत नसताना ती बाई रोज जाऊन बसत होती आणि तिथून उठून मरणाऱ्यांच्या जखमा धूत होती. तुम्हाला आज काही वाटलं नाही म्हणून आराधना फुकट गेली असं म्हणण्याआधी हे आठवा.

मात्र एक सांगायलाच हवं. कोरडेपणा वेगळा आणि आजार वेगळा. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर प्रार्थनेला बसाच, पण डॉक्टरकडेही जा, काउन्सेलरशी बोला. तू पुरेशी प्रार्थना करत नाहीस म्हणून असं होतंय असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

शेवटचा आशीर्वाद

आराधनेच्या शेवटी फादर किंवा डीकन म्हणजे फादरांच्या खालोखालचे दीक्षित सेवक असतील तर साक्रामेंताचा आशीर्वाद होतो, त्याला बेनेडिक्शन म्हणतात. गाणं सुरू होतं, बऱ्याच ठिकाणी लॅटिनमधलं टांटुम एर्गो, ते संत थॉमस अक्वायनस यांच्या एका मोठ्या गीताची शेवटची दोन कडवी आहेत. तेव्हा गुडघे टेका. धूप होतो, एक प्रार्थना होते, मग फादर खांद्यावरून एक लांब वस्त्र घेतात आणि त्याच्या टोकांनी हात झाकून मॉन्स्ट्रन्स उचलतात. हात झाकायचे कारण हा आशीर्वाद फादरांचा नसतो, प्रभू स्वतः देतो. मॉन्स्ट्रन्सने क्रुसाची खूण होते तेव्हा तुम्हीही क्रुसाची खूण करा, बोलायचं काही नाही, बऱ्याच ठिकाणी तेव्हा घंटा वाजते. मग स्तुतीची छोटी वाक्यं म्हणतात, "देव धन्य असो" अशी सुरू होणारी, एकजण सांगतो आणि सगळे मागून म्हणतात. नंतर साक्रामेंत परत टॅबरनॅकलमध्ये. फादर किंवा डीकन नसतील तर नेमलेला सेवक साक्रामेंत बाहेर काढू आणि परत ठेवू शकतो, पण आशीर्वाद देऊ शकत नाही, त्यामुळे आज आशीर्वाद का झाला नाही म्हणून गोंधळू नका.

बळ कुठे दिसतं

व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्गुयेन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ ला अटक झाली आणि ते तेरा वर्षं कैदेत होते, त्यातली नऊ वर्षं एकांतात. त्यांनी घरच्यांना पोटाचं औषध पाठवा असं लिहिलं, घरचे समजले आणि औषधाच्या बाटलीतून वाइन आली. मग तळहातावर वाइनचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब आणि भाकरीचा तुकडा, अशी मिस्सा. छावणीत इतर कैदी होते तेव्हा सिगरेटच्या पाकिटांच्या कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यात साक्रामेंत जपून ठेवायचे, आणि रात्री कैदी आळीपाळीने आराधना करायचे. मॉन्स्ट्रन्स नाही, मेणबत्ती नाही, गाणं नाही, गुडघे टेकायचीही सोय नाही. छावणीतले लोक बदलत गेले, काही जण ख्रिस्ती झाले असं त्यांनी नंतर सांगितलं. आपल्याला चॅपलमधला एसी बंद आहे म्हणून प्रार्थना जमत नाही, असो.

आपल्या आयुष्यात बहुतेकदा इतकं मोठं काही घडत नाही. आपल्यापुरतं एवढं करा, उठायच्या आधी एक काम ठरवा. आराधनेतून बाहेर पडल्यावर चोवीस तासात करायचं, छोटं, नेमकं. कुणाला फोन करायचा, कुणाचे पैसे परत करायचे, कुणाला भेटायला जायचं. प्रभूसमोर तासभर बसून घरी येऊन माणसांना तसंच तोडत राहिलो तर काहीतरी चुकतंय, आणि चूक बहुतेक वेळा बसण्याच्या पद्धतीत नसते.

लोक विचारतात ते थोडक्यात

ऑनलाइन आराधना चालते का? आजारी असाल, बाहेर पडता येत नसेल तर मोठा आधार आहे. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात साक्रामेंताने जगाला आशीर्वाद दिला तेव्हा कोट्यवधी लोकांनी घरातूनच तो घेतला. पण पायांनी चालत जाता येत असेल तर जा, स्क्रीनवरचं चित्र म्हणजे समोर असणं नाही.

मुलांना न्यायचं का? न्या, पाच-दहा मिनिटं, मागच्या बाकावर, रडायला लागलं की बाहेर. संत कार्लो अक्युटिस, २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ ला संत घोषित झाला, तो कॉम्प्युटरचं वेड असलेला साधा मुलगाच होता आणि मिस्साच्या आधी किंवा नंतर साक्रामेंतासमोर थांबणं त्याच्या रोजच्या दिवसात होतं.

इंडलजन्स, म्हणजे माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षाही माफ होणं, मिळतो का? किमान अर्धा तास आराधना केली आणि कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि कुठल्याही पापाची आसक्ती नसणं या नेहमीच्या अटी पाळल्या तर प्लेनरी म्हणजे पूर्ण इंडलजन्स मिळू शकतो, स्वतःसाठी किंवा मृतांसाठी.

दिवसभराच्या किंवा रात्रीच्या आराधनेत बाहेर एक तक्ता लावलेला असतो, त्यात नाव लिहायचं असतं. लिहा, कारण तक्त्यावर नाव असलं की आळस आला तरी जावं लागतं. पण लिहिण्याआधी हे माहीत असू द्या की साक्रामेंत उघडं असताना त्याच्यासमोर कुणीतरी असलंच पाहिजे, क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं २००४ च्या रोमच्या सूचनेत स्पष्ट आहे. म्हणजे तुमची वेळ संपली आणि पुढचा माणूस आलाच नाही तर तुम्ही निघायचं नाही. आधीच्या आणि नंतरच्या माणसाचा नंबर आणि चॅपल सांभाळणाऱ्यांचा नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन करायची वेळ आली तर आत कुणाला तरी बसवून दाराबाहेर जाऊन करा, तुम्ही एकटेच असाल तर कुणी येईपर्यंत तिथेच थांबा.